समुद्र नाही तिथलं मीठ

वाळवा तालुक्यात माझ्या मावशीचं सासर आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जिथं उसात लपाछपी खेळायचो, ती ओढ्याकाठची पाऊण एकराची पट्टी आता पडीक आहे. गेल्या मार्चमध्ये एका सकाळी मावसभावाबरोबर तिथं गेलो. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. जमिनीवर पांढरी, भुसभुशीत खपली आली होती आणि दंव पडल्यामुळं ती कडेला ओलसर दिसत होती. चिमटीत घेऊन जिभेला लावली. आधी खारट लागली, मग कडवट. त्या पट्टीत आता वेड्या बाभळी आणि लव्हाळा एवढंच उगवतं.

दादानं कुदळीनं दोन फूट खड्डा घेतला आणि आम्ही बांधावर चहा प्यायला बसलो. थर्मास रिकामा होईपर्यंत खड्ड्याच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. मार्च महिना, शेवटचा पाऊस होऊन पाच महिने झालेले, आणि पाणी दोन फुटांवर. मी विचारलं, "समुद्र शंभरावर किलोमीटर लांब, मधे सह्याद्री. मग हे मीठ आलं कुठनं?"

"आलं कुठनं म्हणतोस? आम्हीच पाजलंय की," दादा म्हणाला.

त्याचं उत्तर जवळजवळ बरोबर आहे. त्यातलं 'जवळजवळ' समजून घ्यायचं तर पार महाबळेश्वरापासून सुरुवात करावी लागते.

सातारा-सांगलीची जमीन काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून तयार झाली. हा खडक हवापाण्यानं कुजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटे होतात. क्षारांचा कच्चा माल हाच. तो सगळीकडे तयार होत असतो, पण सगळीकडे साठत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथं सुटा झालेला क्षार त्याच पावसाळ्यात धुऊन निघून जातो आणि मागे लाल जांभा उरतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर सांगली-मिरज आहे. इथं पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हानं वर्षभरात उडून जाऊ शकणारं पाणी त्याच्या कितीतरी पट. आटपाडी-जतकडे तर पाऊस आणखी कमी. कमी पावसाच्या मुलखात पाणी जमिनीत थोडं खाली जातं, क्षार तिथंच सोडतं आणि वाळून जातं. नांगरटीत जे चुनखडीचे खडे वर येतात ते याच थांबलेल्या कॅल्शियमचे. कॅल्शियम लवकर खडा धरतो. सोडियमचे बहुतेक क्षार मात्र सहज विरघळतात, त्यामुळं पाणी हलेल तिकडं ते जातात. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढचा सगळा बिघाड या सोडियमनं केलेला आहे.

म्हणजे मीठ होतंच. सखल भागात, ओढ्याच्या काठाला, पूर्वीही चोपणाच्या लहान पट्ट्या असायच्या. गावाला त्या माहीत असत आणि त्यांत कोणी मोलाचं पीक घेत नसे. पण बाकीच्या रानात क्षार खोलवर निजलेला होता. त्याला जागं केलं पाण्यानं.

ते कसं, हे बघायचं असेल तर जुन्या वाड्याची भिंत बघावी. वाई-साताऱ्यात अशा भिंती अजून पुष्कळ आहेत. पाया ओला राहिला की भिंतीला लोणा लागतो. ओल विटांतल्या बारीक छिद्रांतून हात-दोन हात वर चढते, वाऱ्यानं वाळते आणि आणलेला क्षार तिथंच टाकून जाते. मग गिलावा फुगतो आणि पोपडे पडतात. रानातही हेच घडतं. भूजल दोन मीटरच्या खाली असेल तोवर काळजी कमी. ते दीड मीटर, एक मीटर असं वर आलं की चिकणमातीच्या केसासारख्या बारीक पोकळ्यांतून पाणी पृष्ठभागापर्यंत चढतं. ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार ठेवतं. दुसऱ्या दिवशी खालून नवं पाणी येतं. ही ये-जा उन्हाळाभर चालते, आणि तिलाच आपण क्षार फुटला म्हणतो.

आता दादाच्या "आम्हीच पाजलंय" चा हिशेब. एक एकर म्हणजे ढोबळ चार हजार चौरस मीटर. उसाच्या एका पिकाला सगळं मिळून अडीच मीटर उंचीचं पाणी दिलं असं धरू. सरीत पाणी सोडून भिजवणारे अनेकजण याहून जास्त देतात. हे झालं एक कोटी लिटर. नदीचं पाणी गोडं, एका लिटरात फार तर २०० मिलिग्रॅम क्षार, जिभेला कळणारही नाहीत इतके. पण एक कोटी लिटरमध्ये ते होतात २,००० किलो. पन्नास किलोची चाळीस पोती मीठ आपण एका लागणीला एका एकरात विस्कटतो. विहिरीचं मचूळ पाणी असेल, लिटरला हजार मिलिग्रॅमचं, तर पोती दोनशे. ऊस पाणी पितो, पण त्यातला बहुतेक क्षार मुळाबाहेरच राहतो. पाऊस काही भाग खाली ढकलतो. खाली ढकललेल्या पाण्याला पुढं जायला वाट असेल तर हिशेब मिटतो. वाट नसेल तर शिल्लक दरवर्षी पुढच्या पानावर ओढली जाते.

वाट का नाही, हा खरा प्रश्न. कृष्णाकाठी पाणी फिरवण्याची हौस जुनी आहे. कऱ्हाडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघाला तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात. पण तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ बहुतेक रानांचा आधार होता विहीर. मोटेनं, नंतर इंजिननं विहीर उपसली जायची. उपसलेलं पाणी भोवतालच्या जमिनीतूनच आलेलं असायचं, त्यामुळं पाण्याची पातळी उन्हाळ्यात आपोआप खाली जायची. विहीर पाणी द्यायची, तसा न बोलता निचराही करायची. पुढं कोयना आणि धोमसारखी धरणं झाली, नदी बारमाही वाहायला लागली, काठावर विजेच्या मोटारी बसल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, साखर कारखाने उभे राहिले. नदीचं गोडं पाणी पाइपातून थेट शेतात आल्यावर विहिरीचं मचूळ पाणी कोण ओढणार? विहिरी पडून राहिल्या. बाहेरचं पाणी रोज आत यायला लागलं आणि आतलं उपसणं थांबलं. माझ्या मावशीच्या रानातली दगडी बांधणीची विहीर आज काठोकाठ भरलेली असते. पाहुण्यांना ते समृद्धीचं लक्षण वाटतं. दादा त्या विहिरीकडे बघतसुद्धा नाही.

शेतकऱ्यानं अतिपाणी दिलं असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. लाइटची पाळी रात्री असते. अंधारात, थंडीत, साप-किरडाच्या भीतीत दारं धरायला जाणारा माणूस मोटर चालू करून बांधावर टेकला तर पहाटेपर्यंत पाणी वाहतं. पाणीपट्टी एकरावर घेतली जाते तिथं कमी पाणी वापरून बचत काही नाही. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसला की आज जास्त देऊन ठेवणं हा शहाणपणाच वाटतो. शिवाय उसाइतका खात्रीचा भाव दुसऱ्या कुठल्या पिकाला मिळाला? या सगळ्याचा विचार न करता त्याला नुसते उपदेश करणं सोपं आहे.

एक दोष मात्र गावोगावी आपल्या हातचा आहे, तो म्हणजे ओढे. जुन्या नकाशांत दिसणारे ओघळ आणि नाले रानात मिसळून गेले. दोन गुंठे वाढतात म्हणून काठ नांगरला, मग पात्र नांगरलं, वर रस्ता बांधताना मोरी घातलीच नाही किंवा उंच घातली. पावसाचं आणि पाझराचं पाणी ज्या वाटेनं नदीला जायचं ती वाट अशी हातभर हातभर करत मोडली. आमच्या त्या पट्टीलगतचा ओढा लहानपणी कमरेइतका खोल होता. आता त्यात गाळ आणि पाणकणीस आहे, आणि पाणी शेतातून ओढ्यात जाण्याऐवजी ओढ्याकडून शेतात येतं.

यात काळ्या मातीचा स्वभावही पाहायला हवा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. जिरायती काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं, वरचा भुगा भेगांत पडतो आणि जमीन स्वतःलाच नांगरून घेते. बारमाही ऊस घेतला, खोडव्यावर खोडवा ठेवला, की जमीन कधी वाळतच नाही. भेगा मिटलेल्याच राहतात. फुगलेल्या चिकणमातीतून पाणी इतकं हळू उतरतं की एका दिवसात बोटभर गेलं तरी पुष्कळ. जी माती ओल धरून ठेवते म्हणून आपण तिला कसदार म्हणतो, तिचा तोच गुण इथं अंगाशी येतो. मुरमाड माळावर दुप्पट पाणी ओतलं तरी असं चटकन होत नाही.

बिघाडाचे टप्पे आहेत आणि शेतकऱ्याच्या भाषेत त्यांना नावंही आहेत. आधी रान चिबडतं: वाफसा येत नाही, नांगर चिकटतो, मुळं कुजतात. मग पांढरा क्षार दिसू लागतो, ती क्षारयुक्त जमीन. आणि शेवटी चोपण. क्षारयुक्त आणि चोपण यांत फरक मोठा आहे आणि उपाय चुकतो तो इथंच. प्रयोगशाळेत क्षारयुक्त जमीन ओळखतात ती विद्युतवाहकतेवरून. मातीच्या अर्काची वाहकता प्रति मीटर ४ डेसीसायमनच्या वर, सामू, म्हणजे पीएच, मात्र साडेआठच्या आत. चोपण जमिनीत उलट असतं. विरघळलेला क्षार कमी, सामू साडेआठच्या वर, आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण शेकडा १५ पेक्षा जास्त. दोन्ही खोडी एकत्र असतील तर ती क्षारयुक्त चोपण.

हा फरक घरीही दिसतो. चहाच्या दोन काचेच्या पेल्यांत दोन रानांची थोडी माती आणि पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घेऊन ढवळून ठेवावं. नुसती खारट माती तासाभरात तळाशी बसते आणि वरचं पाणी नितळ होतं. चोपण माती दुसऱ्या दिवशीही बसत नाही, पाणी गढूळच राहतं. मी हे मावशीच्या ओट्यावर करून पाहिलं. ओढ्याकाठच्या मातीचा पेला सकाळी ठेवला होता, संध्याकाळी दिवे लागले तरी त्यातून पलीकडची खिडकी दिसत नव्हती. चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे. कॅल्शियमला जणू दोन हात असतात, तो दोन पापुद्रे धरून ठेवतो, आणि त्यातून मातीची रवाळ घडण तयार होते. सोडियमला एकच हात. तो कॅल्शियमची जागा घेतो, पापुद्रे सुटतात, पाण्यात तरंगतात आणि खाली जाऊन एकूण एक छिद्र बुजवतात. अशी जमीन ओली असताना साबणासारखी आणि वाळली की दगड. तिच्यावर काळपट तुकतुकीत थर दिसतो, तो सुपीकतेचा नसतो. उच्च सामूमुळं मातीतला सेंद्रिय कस विरघळून वर आलेला असतो.

आणि पिकाचं काय होतं? काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ लावून ठेवलं तर तिला पाणी सुटतं. मुळाचंही तसंच. बाहेरचं पाणी खारट झालं की मूळ ते ओढू शकत नाही, आणि ऊस पायाशी पाणी असून तहानलेला राहतो. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, पेरं आखूड पडतात. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी एक पाळी देतो. सगळ्यांत वाईट वाटतं ते इथं, कारण तो अगदी मनापासून पिकाला वाचवायला धावलेला असतो. पिकांची सोसण्याची ताकद वेगवेगळी असते. मातीच्या अर्काची वाहकता १ च्या वर गेली की घेवडा घटायला लागतो, ऊस १.७ पासून. गहू ६ पर्यंत, कापूस आणि जव जवळपास ८ पर्यंत टिकतात. म्हणजे ज्या पिकासाठी आपण हे सगळं पाणी आणलं, तेच पीक क्षार सोसण्यात कच्चं आहे. टायग्रिस-युफ्रेटिसच्या दुआबात चार-पाच हजार वर्षांपूर्वी गव्हाचा पेरा मागं पडून जव वाढत गेलं. कालव्यांनी जमीन खारवल्याचा हा पुरावा, असं मत थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट अॅडम्स यांनी १९५८ मध्ये मांडलं होतं. त्यावर विद्वानांत वाद झाला आहे, पण पीक बदलण्याची ती धडपड सांगलीकराला ओळखीची वाटेल.

हे आधी कुणाला कळलं नव्हतं असं नाही, आणि याचा मला राग येतो. शेजारीच नीरेच्या खोऱ्यात १८८५ च्या सुमारास डावा कालवा सुरू झाला. पाव शतक होतंय तोच, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेती खात्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. हे मान म्हणजे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य, पुढं दख्खनच्या खेड्यांच्या पाहणीसाठी प्रसिद्ध झालेले. १९१६ मध्ये इलाख्यानं पुण्यात सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग काढला. त्यातूनच आजचं खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढलं. देशातली ही नामवंत संस्था जन्माला आली ती पाणी शेतात कसं वापरावं या प्रश्नातून. नीरेचा उजवा कालवा साताऱ्याच्या फलटणमधून जातो. म्हणजे धडा घराच्या उंबऱ्यावर लिहिलेला होता. तरी कृष्णाकाठी पाणी आलं तेव्हा पाणी आणण्याच्या खर्चात पाणी काढून देण्याचा खर्च धरला गेला नाही.

कोकणात आणि गोव्यात मीठ आणि शेती यांची गाठ रोजची आहे, म्हणून तिथली रीत बघण्यासारखी आहे. खाडीकाठच्या खाजणात भरती दिवसातून दोनदा खारं पाणी आणते, उन्हानं ते आटतं आणि दलदलीत मीठ साठतं. ही झाली निसर्गाची करणी. बांध फुटला, दुरुस्ती कोणी केली नाही, वाळू उपसून खाडी खोल झाली, वरच्या धरणानं उन्हाळ्यातलं गोडं पाणी अडवलं, की खारं पाणी आणखी आत येतं. ही माणसाची करणी. पण खाजणकऱ्यांनी बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप, बसवली. ओहोटीला तिची दारं बाहेर उघडतात आणि आतलं पाणी जाऊ देतात, भरती आली की पाण्याच्याच दाबानं मिटतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस मीठ धुऊन काढतो आणि कोरगुटसारखं खार सोसणारं भात त्यात उभं राहतं. तिथं मीठ दाराशी असून जमीन जगते, कारण पाणी बाहेर काढणं हे शेतीच्या कामातलंच एक काम मानलेलं आहे आणि ते सगळे मिळून करतात. आपल्याकडं धुणारा पाऊसही नाही आणि दारही नाही.

मला अनेकांनी विचारलं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीची रानं दिवसचे दिवस पाण्याखाली होती, मग मीठ धुऊन गेलं नाही का? वरची खपली नक्की गेली. पण क्षार मुळातून जायचा तर पाणी मातीतून खाली झिरपून बाहेर निघालं पाहिजे. वरून वाहिलेलं पाणी फक्त अंगण झाडतं. उलट पुरानं भूजल आणखी वर आलं, आणि पूर ओसरल्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात ते पुन्हा क्षार घेऊन चढलं.

उपाय अवघड नाहीत, आणि ते इथंच तपासलेले आहेत. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं अनेक वर्षं याच जमिनींवर काम चालू आहे. मूळ उपाय निचऱ्याचा. सव्वा मीटरच्या आसपास खोल चर खणून त्यात सच्छिद्र, पन्हाळीदार पीव्हीसी पाइप घालतात. माती आत जाऊ नये म्हणून पाइपाला गाळणीचं कापड गुंडाळलेलं असतं. ठरावीक अंतरावर अशा ओळी टाकून त्या मोठ्या पाइपाला जोडायच्या आणि मोठा पाइप ओढ्यात किंवा मुख्य चरात सोडायचा. भूजल पाइपाच्या वर आलं की आपोआप आत शिरतं. त्याहून स्वस्त रीत मोल निचऱ्याची. ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी फाळ आणि त्याच्या तळाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा ठोकळा. तो अर्धा मीटर खोलीवरून ओढत नेला की चिकणमातीत पोकळ नळी तयार होते, उंदराच्या बिळासारखी. पाइप लागत नाही. दोन-तीन वर्षांनी नळ्या ढासळतात, मग पुन्हा ओढायच्या. भारी काळ्या मातीत त्या बऱ्या टिकतात, मुरमाड जागी टिकत नाहीत.

चोपण असेल तर जिप्सम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीवरच्या सोडियमला हटवून त्याची जागा घेतं आणि हटलेला सोडियम पाण्यात उतरतो. इथं फार पैसा वाया गेलेला मी पाहिला आहे. निचऱ्याची सोय नसताना जिप्समच्या पोत्यांवर पोती टाकली, तर हटलेला सोडियम जाणार कुठं? तो तिथंच राहतो. आधी चर, मग जिप्सम, मग धैंचा गाडणं, शेणखत, कारखान्याचं प्रेसमड, हा क्रम उलटा करून चालत नाही. उसाला ठिबक केलं तर येणारं पाणी आणि त्याबरोबरचं मीठ दोन्ही घटतं, पण आधी साठलेलं मीठ ठिबकनं जात नाही.

खरी अडचण शेजाऱ्याची आहे. पाइपाला उतार लागतो आणि उतार सातबारा बघत नाही. वरच्या रानातलं जादा पाणी खालच्याच्या मुळाशी येतं. क्षार फुटतो खालच्याचा आणि उसाचा उतारा वाढतो वरच्याचा. खालच्यानं एकट्यानं पाइप टाकले तर वरच्या दहा जणांचं पाणी त्यालाच उपसावं लागतं, आणि पाइप बाहेर काढायला मधल्या चौघांची संमती हवी. मावशीच्या रानाचं घोडं इथंच अडलं आहे. मधल्या एका बांधावरून वीस वर्षं बोलणं नाही. म्हणून जिथं संस्था पुढं आली तिथंच काम मोठं झालं. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना शिवाराशिवारानं एकत्र केलं, मुख्य पाइप सामायिक टाकले, आणि वर्षानुवर्षं पडीक असलेल्या रानांत पुन्हा पिकं उभी राहिली. सांगली जिल्ह्यातही अशी कामं सुरू आहेत. ऊस गाळून ज्यांनी नफा घेतला त्यांनी त्या जमिनीचा निचरा करून द्यावा, हे मला साध्या न्यायाचं वाटतं. कर्नालची खारवट जमिनींवर काम करणारी केंद्रीय संस्था महाराष्ट्रात सुमारे सहा लाख हेक्टर जमीन क्षारानं बाधित असल्याचं सांगते. एवढी जमीन एकेकट्या शेतकऱ्याच्या कुवतीवर सोडून देता येणार नाही.

घाई करायला आणखी एक कारण आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी आता खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतच्या दुष्काळी माळांवर चढवलं आहे. त्या पाण्यासाठी तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, ते त्यांना मिळालंच पाहिजे. माळाची हलकी जमीन निचऱ्याला बरी आहे. पण दोन माळांच्या मधल्या खोलगटात काळी भारी माती आहे, आणि तिथं आता ऊस दिसायला लागला आहे. ती रानं आज तिथं उभी आहेत जिथं वाळवा आणि मिरज साठ-सत्तर वर्षांपूर्वी होते. पाइपाबरोबर चर खणायला आणि ओढे मोकळे ठेवायला तिथं अजून वेळ आहे. शाळेतल्या पोरांनी आपल्या विहिरीत दोरी सोडून महिन्याला पाण्याची खोली मोजली आणि फळ्यावर लिहिली, तरी धोका दहा वर्षं आधी कळेल.

परतताना दादानं मला दोन शिवारं पलीकडं नेलं. तिथं आठ-दहा जणांनी मिळून गेल्या वर्षी पाइप टाकले आहेत. रान साफ केलेलं होतं, गव्हाच्या ओंब्या पिकत आल्या होत्या, मधे मधे अजून टकलं होती. ओढ्याच्या काठाला हिरव्या गवतातून पाइपाचं तोंड बाहेर आलेलं होतं आणि त्यातून मनगटाएवढी धार पडत होती, अगदी स्वच्छ. ओंजळ धरून चव घेतली. सकाळच्या खपलीसारखीच, आधी खारट, मग कडवट. "पहिल्या महिन्यात तोंडात धरवत नव्हतं," दादा म्हणाला. "आता जरा गोडं होत चाललंय."

मी विचारलं, हे जातं कुठं? त्यानं हात केला. ओढा खाली कृष्णेला मिळतो, कृष्णेला हरिपूरला वारणा, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येऊन मिळते, आणि मग ती कर्नाटकात जाते. तिथंही काठाला काळी रानं आहेत, मोटारी आहेत आणि ऊस आहे.